लाल टिपका

छोटीने पिशवीतून आईचा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला, तेव्हा ताईच्या तोंडावर हसू होतं आणि पोटात नुसता जाळ. बहिणीवर जळायची तिची सवय जुनी होती, जवळजवळ बहिणीच्याच वयाची.

"बघ ना गं याला काय झालंय. माझ्या पिल्लूचे वाढदिवसाचे फोटो काढले, तर पिल्लू धूसर आणि मागचा पडदा लख्ख. पडद्यावरची फुलं मोजता येतायत!"

"तुला फोकस करता येतो ना?"

"झालं तुझं सुरू."

ताईने कॅमेरा उचलला. कॅमेरे दुरुस्त करायचं हे दुकान बाबांचं. शाळा सुटली की ताई इथे येऊन बसायची, सांडलेले स्क्रू वेचायची. बाबांचे हात थरथरायला लागल्यावर दुकान तिनेच ओढलं. दुनियेचे कॅमेरे तिच्या हाताखालून गेले, फक्त घरचा सोडून. तो आईच्या कपाटात, कुलपात असायचा. बाबा दिवसभर कॅमेऱ्यांत डोकं घालून इतके विटलेले असत, की घरात फोटो काढायची ती आईच. आणि बाबांच्या मागून आई गेली, तेव्हा कॅमेरा गेला छोटीकडे. स्क्रू उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, एवढंही जिला ठाऊक नाही तिच्याकडे! ताईच्या अंगाचा तेव्हा तिळपापड झाला होता, आणि अजूनही आठवलं की व्हायचा.

ताईकडे राहिला अल्बम. तो तिने भांडून घेतला होता, पण का ते कुणाला सांगितलं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक फोटोत छोटी पुढे स्टुलावर, आणि तिच्या मागे ताई उभी. छोटी धूसर. ताई मात्र अशी स्वच्छ, की वेणीचे पेड दिसावेत. दिवसभर लाड छोटीचे होत असतील, होऊ देत. डोळा कॅमेऱ्याला लावला की आई बघायची ती माझ्याकडे. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर ताईने आजवर बरंच काही गिळलं होतं.

तिने कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्म असते त्या जागी घासलेली काच बसवली, शटर उघडं ठेवलं आणि छोटीला समोरच्या स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून छोटीची दोन नाकं दिसत होती. रिंग फिरवली तशी ती सरकत सरकत एकमेकांवर बसली. म्हणजे कॅमेऱ्याच्या मते फोकस नाकावर. मग तिने मागच्या काचेला भिंग लावलं. छोटीचा चेहरा विरघळलेला, आणि तिच्या हातभर मागे खुंटीला लटकणाऱ्या चामडी पट्ट्याची शिलाई टाक्यासकट स्पष्ट.

हातभर मागे. फोटोत ताई उभी असायची ती जागा.

म्हणजे आई फोकस छोटीवरच करत होती. ताई स्पष्ट आली ती निव्वळ बिघाडाच्या कृपेने. घ्या! जपून ठेवलेलं तेवढं एक, तेही छोटीचंच निघालं.

"सापडलं का काही?" छोटीने विचारलं.

"हलू नकोस म्हटलं ना!"

ताई रागारागाने कॅमेऱ्याची वरची पट्टी सोडवायला बसली. दुरुस्तीनंतर स्क्रू सरकू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा टिपका द्यायची बाबांची पद्धत होती. हिरवा म्हणजे बरोबर लावलंय. लाल म्हणजे मुद्दाम चुकवलंय, कुणी हात लावू नका. लाल क्वचित लागे. एका स्टुडिओवाल्याचा फोकस कायम माणसाच्या पुढे पडायचा. बाबांनी त्याचा कॅमेराच तेवढा मागे लावून दिला होता. "त्याची नजर माझ्या हातात नाही," ते तेव्हा ताईला म्हणाले होते, "स्क्रू आहे."

पट्टी निघाली. खालच्या, फोकस जुळवायच्या स्क्रूवरचा टिपका लाल होता. जुना, तडकलेला, पण अखंड.

बाबांना ठाऊक होतं. आईची नजर कुठे जाते ते त्यांनी पाहिलं होतं, मागे उभ्या असलेल्या पोरीचं तोंडही पाहिलं होतं, आणि चकार शब्द न काढता स्क्रू फिरवला होता. आनंदाच्या भरात तिला वाटलं, उठावं आणि छोटीच्या नाकासमोर हा टिपका धरावा. बघ, डोळे फाडून बघ!

"ताई, हसणार नसशील तर एक सांगू?" छोटी स्टुलावरून म्हणाली. "माझा लहानपणीचा एकही फोटो धड नाही. तू सगळ्यांत लख्ख. मला वाटायचं, आई मला नुसती पुढे बसवते आणि बघते तुझ्याकडे. इतकी जळायचे तुझ्यावर! म्हणून तर तिच्या शेवटच्या आजारपणात हट्टाने कॅमेरा मागून घेतला तिच्याकडून. म्हटलं, एवढं तरी माझं."

मागून घेतला. म्हणजे आईने आपणहून दिला नव्हता. ताईने हेही जिंकलं होतं, आणि जिंकल्यावर करायचं काय ते तिला समजेना. बाबांनी एकीला दाखवलं होतं ते दुसरीला पुसून.

"वेडी आहेस," ती शेवटी म्हणाली. "कॅमेराच बिघडलेला होता. आई फोकस तुझ्यावर करायची."

"नेहमी?"

"नेहमी." तो शब्द बाहेर काढताना तिला अगदी जिवावर आलं.

छोटीने डोळे पुसले. "पण मग बाबांना कसं कळलं नाही?"

ताईने सुईने लाल टिपका खरवडला. "घरच्या कॅमेऱ्याकडे कोण बघतं?"

तिने स्क्रू जागेवर आणला, वर हिरवा टिपका दिला आणि छोटीच्या पिशवीतला रोल आत भरला. कॅमेरा काउंटरवर ठेवून, फोकस छोटीवर धरून तिने टाइमर लावला आणि सवयीने जाऊन तिच्या मागे उभी राहिली.

"मागे काय उभी राहतेस? धूसर येशील," छोटी म्हणाली, आणि तिने पायाने दुसरं स्टूल शेजारी ओढलं. "इथे बस."

बाबांनी स्क्रू फिरवला, पण दुसरं स्टूल ओढायचं त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. टाइमर कुरकुरत होता. ताई लगबगीने बसली. मात्र बसता बसता तिने आपलं स्टूल, छोटीच्या लक्षात येणार नाही असं, बोटभर पुढे घेतलं.