हवेत राहिलेलं डोकं

घण्या भिंती पाडायचा. जिथे यंत्र शिरत नाही तिथे त्याचा घण शिरे, म्हणून जुनी इमारत उतरवायची झाली की कंत्राटदार आधी त्याला बोलावत. घरी आल्यावरही त्याचा हात थांबत नसे. घरात पाडायला भिंती नव्हत्या, बायको होती.

तिची एक दाढ गेली होती आणि डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्यानं तिचं डोकं आपटलं, तेव्हापासूनचं ते. कारण काय, तर पाणी गार नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तिनं शेजारणींना आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही पाय घसरल्याचं सांगितलं. शेजारणी मुकाट ऐकून घेत. असल्या बाबतीत सगळ्यांचेच पाय घसरत असतात.

मग एक दिवस वर उचललेला घण खाली यायच्या आतच घण्याची मान धरली. डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. गड्यानं गड्यासारखाच उपाय केला. जोडीदाराला पाठीवर गुडघा रोवायला लावला आणि मान हिसडून घेतली. डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे तो दवाखान्यात गेला. सोबत बायको.

तिथली व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "काही मोडलेलं नाही. स्नायू इतकी वर्षं आवळून बसलेत की ढिलं व्हायचं विसरलेत. बळ अजिबात लावायचं नाही. खांदा किंचित कानाकडे न्या आणि श्वास सोडत खाली आणा. इतकं सावकाश, की बघणाऱ्याला कंटाळा यावा."

शेवटी तिनं त्याला उताणं झोपवून डोकं तळहातांवर घेतलं आणि अलगद हात काढले. डोकं गादीवर पडलंच नाही. तसंच हवेत राहिलं.

"बघा, अजून तुम्हीच धरून बसलाय," बाई म्हणाली. मग बायकोकडे वळली. "घरी हे तुम्ही करायचं. आणि तुम्हीही खांद्याचा व्यायाम करत जा. तुमचे खांदे तर कानाला टेकलेत."

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घण्या छताकडे बघत राहिला.

घरी तो व्यायाम करी तोही शिव्या देत, दात आवळून, भिंत पाडल्यासारखा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. बायको मात्र ओट्याशी उभी राहून बाईनं सांगितलं तस्संच करी. थोडं वर, मग सावकाश खाली. एका सकाळी तिचा खांदा खरोखर खाली उतरला आणि तिला भडभडून आलं. रडू नव्हे, राग. इतकी वर्षं ती स्वतःला भित्री समजत होती. खरं तर सगळी ताकद तिनं तो राग दाबण्यात घालवली होती.

सुट्टीच्या दुपारी घण्या फरशीवर उताणा झोपला. उठताना तिचा हात लागायचा, इतकी मान अजून धरलेली. तिनं त्याचं डोकं तळहातांवर घेतलं. खाली उघडी फरशी होती. त्याच्या गळ्यावरची शीर उडत होती. एकदा जोरात खाली, बस. तिची बोटं त्याच्या केसांत आवळली.

"काय करतेस?"

"काही नाही. ढिलं करा."

"केलंय की."

"नाही केलं. माझ्या हातांवर वजनच नाहीये."

तो छताकडे बघत म्हणाला, "तू आपटशील."

"कशावरून?"

"मी आपटलं असतं."

एवढ्या संसारात त्यानं तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. तिला त्याची कीव आली नाही. कीव यावी म्हणून तिनं क्षणभर वाटही पाहिली.

"हो," ती म्हणाली. "आपटावंसंच वाटतंय."

आणि तिनं हात अलगद काढले, बाईनं काढले होते तसेच. डोकं फरशीपासून चार बोटं वर राहिलं. ती उठली. घण दाराशी टेकवलेला होता. तो ओढत आणताना फरशीवर खरखर झाली. घण्याला मान वळवून बघता येईना.

"अगं," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. "अगं, ऐक ना."

तिनं घण उचलला. खांदे खालीच होते. पहिला घाव स्वयंपाकघराच्या चौकटीवर बसला, जिथे तिचं डोकं आपटलं होतं तिथेच. लाकूड उभं फाटलं. दुसऱ्या घावाला चौकट भिंतीतून सुटली आणि ढलपे त्याच्या छातीवर, तोंडावर उडाले. त्यानं डोळे मिटून घेतले. तिसरा घाव आलाच नाही. घण त्याच्या कानाजवळ फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"मी लेकीकडे चाललेय," ती म्हणाली. "परत यायची नाही. व्यायाम चुकवू नका."

तिची पावलं जिना उतरत गेली. खालचं दार वाजलं. घरात आता त्याला मारणारं कुणी नव्हतं, आणि त्यानं मारावं असंही कुणी नव्हतं. तरी घण्याचं डोकं फरशीला टेकलं नाही.