जुम्याचं दूध

खुर्शीद मियाँ, म्हणजे माझा नवरा, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात तीस वर्षं दगड तपासायचा. कोणत्या खदानीच्या दगडात किती कॅल्शियम, हे तो आजही सांगतो, कुणी विचारो न विचारो. त्यामुळे चंद्रपूरच्या जनावरांच्या डॉक्टर करिष्माबाईंनी आमच्या मांजरीच्या रक्ताचा रिपोर्ट बघून "चाचा, बुलबुलचं कॅल्शियम लई वाढलं," म्हटलं, तेव्हा त्यांनाच कारण समजावायला हा पुढे!

"धूळ!" तो म्हणाला. "अंगणात लोळते, मंग अंग चाटते. चुनखडीच पोटात जाऊन राह्यली तिच्या."

बुलबुलने आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पाणी मात्र ढोसायची, ओकायची आणि कोपऱ्यात पडून राहायची. मांडीवर घेतली तर तिचं वजनच लागेना. आम्हाला मूलबाळ नाही. नऊ वर्षांपासून लाड करायला ही एकच.

डॉक्टर हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. "धूळ चाटून रक्तात एवढं चढत नाई, चाचा." कधी कधी नमुनाच फसवतो म्हणून त्यांनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच निघालं. मग मान, पोट, शेपटीखालची जागा बोटांनी चाचपली. गाठ लागली नाही, तरी त्यांचा चेहरा काही सैल होईना.

"अशात पहिले कॅन्सर आहे का ते पाहा लागते. मंग गळ्यातली ग्रंथी, किडनी. काही मांजरींत तर कारणच सापडत नाई. उद्या सोनोग्राफी करू, लागलं तर सुईनं तपासू. हिला औषध काही देता का?"

"काईच नाई," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

"घरात कोणी हाडांसाठी डी व्हिटॅमिनची पुडी घेते का? हप्त्यातून एक, दुधात टाकून?"

माझ्या गुडघ्यांसाठी तीच पुडी होती. दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, खुर्शीद ती स्वतः दुधात ढवळून माझ्या हातात द्यायचा आणि नमाजला निघायचा. मला त्या दुधाची शिसारी. पण दूध मोरीत ओतणं म्हणजे गुनाह, म्हणून मी ते बुलबुलच्या वाटीत ओतायची. असे नऊ जुमे. परत आल्यावर तो विचारायचा, "पेली?" मी बेधडक म्हणायची, "पेली."

मी गप्प बसले असते तर डॉक्टर त्या बिचारीत कॅन्सर शोधत बसल्या असत्या आणि पुढचा जुमाही आला असता. मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांकडे बघून सांगितलं, नवऱ्याकडे बघायची हिंमतच नव्हती.

"चाची, माणसाची पुडी अन् चार किलोची मांजर! त्या डी व्हिटॅमिननंच कॅल्शियम चढलं," त्या म्हणाल्या. पण आता त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "असू द्या. कारण कळलं तर इलाज करता येते."

रक्ताच्या तपासणीत डी व्हिटॅमिन भरमसाट निघालं. बुलबुलला सहा दिवस सलाईन लागली. आम्ही रोज एसटीने यायचो-जायचो, आणि खुर्शीद, ज्याचं तोंड कधी मिटत नाही, तो सहा दिवस माझ्याशी चकार शब्द बोलला नाही. मला ते फार लागलं. पण चूक माझी, कुणाला सांगणार?

सातव्या दिवशी कॅल्शियम उतरलं. पूर्ण धोका टळायला काही आठवडे लागणार होते, पण बुलबुलने उकडलेली कोंबडी खाल्ली आणि डॉक्टरांच्या बोटाला चावली. पिशवीत तिला घेऊन एसटीत बसलो, तेव्हा खुर्शीद खिडकीकडे बघतच बोलला.

"नऊ पुड्या खाऊनही तुही चाल सुधरत नव्हती. मले वाटलं, हाडात काई मोठं झालं तुले. नागपूरच्या डॉक्टरचा नंबरही आणून ठेवला. तुले सांगाची हिंमतच होत नव्हती."

मी त्याच्या रागाला भीत होते, आणि हा बापडा दोन महिने एकटाच माझ्यासाठी भीत होता. मला भर एसटीत रडू फुटलं.

"माफ कर जी," मी म्हटलं. "येत्या जुम्याले पेईन मी."

"येत्या जुम्याले पहिले तू पेशील," तो म्हणाला, "मंग मी नमाजले निघीन."