एक मेला, तिघं लिहिले

भिकुबाईची नात मंदाबाई हिचं लग्न झालं आणि नवरा लोटन वारला ते १९९७ साल. त्या वर्षी दिवाळीनंतर पाणी सोसायटीने पाळीची यादी दारावर डकवली आणि भिकुबाईच्या घरातल्या तीनही जित्या नावांपुढे ‘मयत’ लागलं. मयताला पाणी नाही. शेतात मिरची फुलावर आलेली, पाळी उद्याची.

ती मुलाला, कौतिकला, घेऊन दोंडाईच्याला सोसायटीच्या ऑफिसात धडकली.

“आई, मी बोलतो,” कौतिक म्हणाला.

“तू मेलास. गप बस.” मग कारकुनाकडे वळून, “काय रे झुलालभाऊ, मी जिती शे ना?”

झुलाल धुळ्याहून कॉम्प्युटर शिकून आला होता. “अक्का, मी मशीनला एकच ओळ दिली. लोटन दिसेल त्या नावापुढे मयत लाव. तुमच्या नावात नवरा लोटन, कौतिकभाऊच्या नावात बाप लोटन, नातवाचं तर नावच लोटन. त्याने बठ्ठे, झाडून सगळे धरले.”

“हाताने लिहायला काय झालं होतं?”

“चौदाशे नावं आहेत, अक्का.”

“मेला एक होता.”

झुलालने मान खाली घालून जुनी यादी परत आणली. आता खूण पक्की केली: पूर्ण नाव आरंभापासून शेवटापर्यंत ‘लोटन कौतिक पाटील’ एवढंच असेल तरच बदल. कागद निघाला. कौतिकने वाचला. मायलेक जिवंत झाले, पण एकोणीस वर्षांचा नातू मयतच. त्याला आजोबाचं नाव, आणि आजोबाचा बापही कौतिकच.

भिकुबाईने टेबलावर हात आपटला. “तुझ्या आजाचं नाव काय?”

“झुलाल.”

“आणि त्याच्या बापाचं?”

“माझ्या बापाचंच.”

“घरोघरी हेच चालतं. तुझा आजा गेला तेव्हा तुला कुणी मारलं नाही. तू मात्र माझा नातू मारतोस, तोही दोनदा.”

“मग मशीनने ओळखायचं कसं?”

“सभासद नंबर कशाला दिलेत रे? तीनशे बारा माझा दादला. नातू नऊशे चार.”

झुलालने नावाचा नाद सोडला, नंबर धरून ओळ लिहिली. तिघांची पाळी छापून निघाली. भिकुबाईने तो कागद कनवटीला लावला, पण उठली नाही. रजिस्टर उघडायला लावलं आणि आपल्यासमोर हाताने लिहून घेतलं:

सभासद क्रमांक ३१२, लोटन कौतिक पाटील, वय ७१, दिनांक १४ सप्टेंबर १९९७ रोजी वारले.