शेठचा डबा

माझी रिद्धी सहावीत आहे. तिला मधुमेह आहे, गोळ्यांवर न भागणारा. मधल्या सुट्टीत खाण्याआधी तिला इन्सुलिन घ्यावंच लागतं. खांदा कॉलनीतल्या तिच्या शाळेचे पत्र्याचे वर्ग भट्टीसारखे तापतात, म्हणून औषध ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवू द्या, एवढंच मी मागत होते. मधुमेही मुलांबद्दलच्या सरकारी सूचनांची प्रतही दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी ती चष्मा न लावताच वाचली.

"ही शाळा आहे, दवाखाना नाही. आम्ही औषधाची जबाबदारी घेत नाही."

"मग तसं लिहून द्या."

लिहून कशाला देतील? शिपाई गुणाबाईंना त्यांनी थंड पाणी आणायला सांगितलं. फ्रीज उघडला आणि भपकन वास आला. आत संस्थेच्या अध्यक्षांचे, म्हणजे दयाराम शेठचे, पापलेट होते! उरणहून सकाळी यायचे, संध्याकाळी शेठच्या बंगल्यावर जायचे. त्या मेलेल्या माशांची जबाबदारी मात्र अख्खी शाळा घेत होती.

गेटपाशी गुणाबाईंनी मला गाठलं. "औषधाच्या डब्यावर शेठचा नाव लिव न मला दे. कोन हात नाय लावायचा."

त्याला आता आठ महिने झाले. रोज मधल्या सुट्टीत गुणाबाई तो डबा गुपचूप रिद्धीला देतात. परवा वीज गेली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई स्वतः धावत आल्या आणि ओरडल्या, "जनरेटर लावा! शेठचा डबा गरम झाला तर जबाबदार कोण?"