गुलाबी अस्तरावरचा लाल

निवृत्त होईपर्यंत आई अग्निशमन दलाची गाडी चालवत होती. दलातली ती पहिली बाई ड्रायव्हर. पण हे कुणी मोठ्याने म्हटलं की ती विषय बदलायची, नाहीतर सरळ भाजी निवडायला बसायची.

लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची आणि उरलेल्या वेळात प्लॅस्टिकची मॉडेल्स करायची. रणगाडे, विमानं, मालवाहू ट्रक. यंदाच्या प्रदर्शनासाठी तिने आईची गाडी करायला घेतली. तशी गाडी बाजारात मिळतच नव्हती. मग तिने एका ट्रकचा संच आणला, केबिन कापली, दारं नव्याने बसवली, पितळी तारेची शिडी केली आणि सांधे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरले. गाडी उभी राहिली खरी, पण अंगावर नुसती ठिगळं. कुठे पांढरं प्लॅस्टिक, कुठे करडं, कुठे हिरवट लांबी, वर चमकणारं पितळ.

"या सगळ्यांना एकत्र धरून ठेवील असा प्रायमर द्या," ती मॉडेलच्या दुकानातल्या काकांना म्हणाली.

काकांनी दोन डबे पुढे ठेवले. "हा पाण्याचा. वास नाही, घरात मारता येतो. पण मास्किंग टेप ओढलीस की पितळेवरून सोलून येईल. आणि हा थिनरचा. वासाने डोकं उठतं, पण प्लॅस्टिकमध्ये दात रोवून बसतो. थर मात्र पातळ दे, नाहीतर दाराच्या रेघा बुजतील."

तिने दुसरा घेतला. गाडी साबणाच्या पाण्याने धुतली, सुकवली आणि तोंडाला मास्क लावून गॅलरीत प्रायमर मारला. सगळं एकसारखं करडं झालं आणि लपलेल्या चिरा उघड्या पडल्या. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं.

आता लाल. करड्यावर लाल मारला की तो विटकरी दिसतो, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने प्लॅस्टिकचे चमचे घेतले. एकावर करडं अस्तर, एकावर पांढरं, एकावर फिकट गुलाबी, आणि तिन्हींवर एकाच बाटलीतला लाल. चमचे वाळल्यावर तिने आईला हाक मारली.

आईने एकेक चमचा खिडकीपाशी नेऊन पाहिला. करडा लगेच बाजूला ठेवला. "ही वर्कशॉपमध्ये पडून राहिलेली गाडी." पांढऱ्याला म्हणाली, "हे खेळणं." गुलाबी अस्तराचा चमचा मात्र तिने उजेडात बराच वेळ फिरवला.

"हा आमचा लाल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत अख्खी गुलाबी गाडी बघून मात्र तिला हसू आवरेना. "अगं, ही आग विझवायला निघालीय की मिरवायला?"

लाल सुंदर बसला. खरा वाद झाला तो शेवटच्या पारदर्शक थरावरून. लेकीला मॅट हवा होता. "एवढ्याशा गाडीवर चकाकी खोटी दिसते, आई. परीक्षकांना थोडी धूळ, थोडी झीज आवडते."

"धूळ?" आई ताठ झाली. "आगीवरून आलो की आधी गाडी धुवायची, पुसायची, मग आम्ही आंघोळीला जायचो. कपड्यांवर काजळी, केसांत राख, पण गाडी झगझगीत. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली की लोकांना धीर यायचा. मळकी गाडी बघून कुणाला धीर येतो?"

आईला इतकं बोलताना लेकीने फारसं ऐकलं नव्हतं. मग तिने मॅटची बाटली टायर आणि पाण्याच्या पाइपांसाठी बाजूला ठेवली आणि बॉडीसाठी ग्लॉस उघडला.

घाई नडली. हवा दमट होती, तरी तिने स्प्रे मारला. दारावरची पांढरी अक्षरं नुकतीच चिकटवून झाली होती. बघता बघता सगळ्या लालवर दुधाळ साय धरली. लेकीचे डोळे भरून आले. "गेलं सगळं! आता खरवडून काढावं लागणार."

"हात लावू नकोस," आई म्हणाली. तिने कधी काळी धुराने भरलेल्या जिन्यावर माणसं अशाच आवाजात थांबवली असतील. "आधी सांग, झालं काय?"

"ओल अडकली थरात."

"मग ओल बाहेर जाईल असं काही असतं का?"

असतं. अशी साय धरली तर काय करायचं, हे दुकानातल्या काकांनी एकदा सांगितलेलं लेकीला आठवलं. कोरडी, उन्हाची दुपार गाठून तिने सावकाश वाळणाऱ्या थिनरचा अगदी धुक्यासारखा फवारा मारला. साय हळूहळू विरली आणि आतून लाल वर आला. मग ग्लॉसचे दोन पातळ थर दिले, मध्ये भरपूर वेळ सोडून. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. गाडीवर धूळ बसू नये म्हणून ती पंखासुद्धा लावू देत नव्हती.

प्रदर्शनात परीक्षकांनी गाडीभोवती चक्कर मारली. "काम स्वच्छ आहे. प्रायमर कुठेही जाड नाही. पण चकाकी जास्त झालीय. थोडी मळकी केली असती तर खरी वाटली असती."

"सर, ही गाडी कधीच मळकी नव्हती," लेक म्हणाली. "चालवणारी इथेच उभी आहे, विचारा तिला."

परीक्षकांनी वळून पाहिलं. आईने पदर सारखा केला आणि हात पाठीमागे बांधून कवायतीसारखी उभी राहिली. "आमच्या केंद्रात मळकी गाडी बाहेर काढणाऱ्याला मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावू दिला नसता," ती शांतपणे म्हणाली.

परीक्षक हसले. त्यांनी लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि पुन्हा वाकून गाडी पाहिली.

पहिलं बक्षीस एका गंजलेल्या रणगाड्याला गेलं, गाडीला दुसरं मिळालं. पण गर्दी जमली ती गाडीभोवती. टेबलाच्या या टोकाला लेक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "ही गाडी माझी आई चालवायची." त्या टोकाला आई एका अनोळखी जोडप्याला थांबवून सांगत होती, "आधी करडा मारायचा, मग गुलाबी. माझ्या मुलीने शोधून काढलंय हे. जरा जवळून बघा ना, चष्मा लावून बघा!"