शिक्का वाळेपर्यंत

संगणक दुरुस्तीच्या आपल्या दुकानात रश्मीनं लॅपटॉप पालथा घातला आणि तिचा हात तिथंच थांबला. तळाच्या प्लास्टिकवर गोल गोल ओरखडे होते. एकावर एक, दाबून घासलेले. राखेनं भांडं घासावं तसे.

"हे कायचे, भाऊ?"

"टेबलावर सरकते ना तो." भुपेंद्रनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "मांडवात मोठ्या स्पीकरजवळ ठेवला होता. त्याच्या चुंबकानं आतलं सारं उडालं. तसं लेटरहेडवर लिहून दे अन् शिक्का मार. दोन वाजता पवनीले साहेबापुढं तलावाची चौकशी हाय."

लॅपटॉप ग्रामपंचायतीचा. भुपेंद्र हा सरपंच साधनाबाईंचा नवरा; निवडून ती आली, खुर्चीवर हा बसला. गेल्या ग्रामसभेत गावानं हात वर करून ठरवलं होतं, तलावातली मासेमारी ढिवरांच्या बावीस घरांकडंच राहील. रजिस्टरात मात्र तलाव भुपेंद्रच्या साळ्याला दिल्याचं उमटलं. त्या बावीस घरांच्या बाजूनं बोलणारं आता एकच उरलं होतं: या लॅपटॉपातलं सभेचं चित्रण.

"चालू करून पाहिला होता?"

"मेलेल्याची नाडी काहून पाहू? अन् पासवर्ड ऑपरेटरजवळ. तो गेला सुट्टीवर."

सुट्टीवर कुणी धाडलं, हे अड्याळच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रश्मीनं शटरच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवली. स्क्रू काढले. आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग ड्राइव्ह कडांना धरून अलगद उचलली. बोटभर लांबीची पट्टी.

"एवढीशीच? हिच्यासाठी एवढं सोवळं पाळून राहिली?"

रश्मीनं पट्टी उलटून पाहिली. चुंबकाची धास्ती घ्यायची ती जुन्या, आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कनं. ही एसएसडी. आत नुसत्या चिपा. हिच्यावर चुंबक घासणं म्हणजे दगडावरचं कोरीव अक्षर फुंकर मारून पुसणं. अन् हा बहाद्दर खांदा दुखेस्तोवर घासत बसला होता. चोरी करायचीच तर निदान चार गोष्टी विचारून घ्याव्या. यानं तेवढेही कष्ट घेतले नव्हते. पण हे त्याला सांगायची सोय नव्हती. ही पट्टी मोडायला दोन बोटं पुरतात, आणि भुपेंद्रला दहा होती.

तिनं पट्टी यूएसबीच्या डबीत बसवून आपल्या संगणकाला जोडली, पडदा स्वतःकडं वळवला. 'ग्रामसभा' नावाचं फोल्डर उघडलं. आवाज बंद ठेवून तिनं चित्रण शेवटपर्यंत पुढं पुढं नेऊन पाहिलं. ढिवरांची कुंताबाई उभी राहून बोलत होती. तिच्या मागं हातच हात. पहिल्या रांगेत भुपेंद्र, खुर्चीवर पाय घेऊन बसलेला.

"सापडते काही?" त्यानं विचारलं.

"पाहणं झालं. लिहून देते."

"असं साफ लिही, का साहेबानं दुसऱ्यांदा विचारलं नाही पाहिजे."

"साफच लिहिते."

तिनं लेटरहेड ओढलं आणि लिहिलं: लॅपटॉपच्या तळावर मुद्दाम घासल्यासारखे गोल ओरखडे आहेत. ड्राइव्ह शाबूत आहे. सभेचे चित्रण पूर्ण उघडते. ड्राइव्ह दुकानात सीलबंद ठेवली असून अधिकाऱ्यांनी मागताच हजर करू.

खाली सही केली आणि शिक्का जोरात दाबला.

कागद तिनं सरळ बाजूनंच त्याच्यापुढं धरला. भुपेंद्रची नजर थेट खाली गेली, जांभळ्या गोलावर. बायकोच्या सह्या ठोकण्यात ज्याची तीन वर्षं गेली, तो वरच्या ओळी वाचायच्या भानगडीत कधी पडलाच नव्हता.

"झकास. आता ते कुंती किती बोंबलते पाहतो. ते पट्टी फेक कचऱ्यात, नवी बसवून ठेव."

"शिक्का ओला हाय, भाऊ. घडी नका घालू. साहेबाच्याच हातात द्या."

"मले शिकवून राहिली का?"

पण घडी त्यानं घातली नाही. गाडीत बसला, काच खाली केली आणि कागद वाऱ्याला धरला. पवनीच्या वळणापर्यंत त्याचा हात बाहेर दिसत होता; दोन बोटांत कागद, फडफडणारा.