काळ्यावर पांढरं

काळं कापड रंग पिऊन टाकतं, हे मला थोरल्या भावानं, कानिफदादानं शिकवलं. म्हणून आमचं छपाईचं मशीन प्लास्टिकच्या फिल्मवर आधी रंग मारतं आणि त्या रंगावर पांढरी शाई. शाई ओली असतानाच तिच्यावर गोंदाची पांढरी पावडर टाकायची, भट्टीत वितळवायची आणि फिल्म उलटी करून टी-शर्टवर दाबायची, म्हणजे पांढरा खाली जातो आणि रंग वर उठून दिसतो. पावडर फक्त ओल्यावर धरते. कोरड्यावर पडली तर फुंकरीनंही उडून जाते.

तिसगावात बाजाराच्या तोंडाला आमचा गाळा आहे. मी शाळा अर्ध्यात सोडली तेव्हा दादानं मला मारलं नाही, गाळ्यात आणून मशीनसमोर उभं केलं. पांढरी शाई भारी खोडीची. मशीन थोडे दिवस बंद राहिलं तरी ती तळाला बसते, शाई फवारणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत सुकते, आणि आमच्याकडची हवा तर धुतलेलं फडकं बघता बघता कडक करणारी. म्हणून दादा रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी हेडखालची रबरी टोपी सिरिंजनं ओली करायचा. मी भुकेनं कावलेला असायचो.

"हिला पाजल्याबिगर आपन जेवायचं न्हाई, वाल्ह्या," तो म्हणायचा.

काम झकास उतरलं की तो पावडरीच्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारायचा. घरी गेलं की आई पदरानं तो पांढरा पंजा झटकायची आणि दोघांनाही शिव्या द्यायची. पंजा ओळखू यायचा, कारण लहानपणी उसाच्या फडात कोयता लागून दादाची करंगळी अर्धी गेली होती.

पाथर्डीच्या रस्त्यावर अंधारात उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दादाची गाडी मागून आदळली.

ज्या जागी त्याला घरात ठेवलं होतं तिथं चुलती राहीबाईनं रीतीप्रमाणे पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि वर टोपलं झाकलं. गेलेलं माणूस पिठावर खूण ठेवून पुढं जातं म्हणतात. सकाळी टोपलं उचललं तर पीठ होतं तसंच, सपाट.

"काहीच उमटलं न्हाई," राहीबाई आईला म्हणाली. "पोराचा पाय निघंना, भागू."

मी टोपलं उचलून अंगणात भिरकावलं.

महिनाभर गाळा बंद राहिला. मशीन विकायचं आईनं ठरवलं. सावेडीचा रंगनाथ, जो ते दुरुस्त करायला यायचा, तोच घेणार होता. मशीन जाण्याआधी मला एकच काम करायचं होतं, दादाचा चेहरा एका काळ्या शर्टावर उतरवायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

शटर उचललं तेव्हा मी धरूनच चाललो होतो की हेड गेलं असणार. तपासणीचा कागद काढला. छिद्र बंद असलं की त्या जागी रेघ तुटते. एकही रेघ तुटली नव्हती. मी हेडखाली बोट घातलं. टोपी ओली होती. किल्ली तर महिनाभर माझ्याच खिशात होती.

दादाचा फोटो लावला. कपाळापासून हनुवटीपर्यंत रंग आला, शर्टाची कॉलर आली, मागचं बाभळीचं झाड आलं. पांढरा सगळीकडे बसला, फक्त चेहऱ्यावर नाही. तेवढ्या जागेवर पावडर धरलीच नाही. शर्टावर दाबलं तर कॉलरच्या वर नुसता अंधार. मी शाई हलवली, हेड धुतलं, शाईची जाळी बदलली, आणि शेवटी मशीनला लाथ घालून रंगनाथला फोन केला.

तो दुसऱ्या दिवशी आला. "माझ्या हुनाऱ्या मशीनला लाथा घालतो व्हय रे?" म्हणत त्यानं झाकण उघडलं, केबल काढून परत बसवली आणि मोबाईलमधला स्वतःचाच फोटो छापला. पांढरा भरगच्च आला. "बघ, कसा नवरदेवावानी उठलोय. फोटोतच खोट असंल तुझ्या."

मी दुसरा फोटो दिला, चुलत बहिणीच्या लग्नातला. त्यात दादा आणि मी खांद्याला खांदा लावून उभे होतो. फिल्म बाहेर आली. माझ्या चेहऱ्यावर पांढरा होता. शेजारी नव्हता.

रंगनाथनं फिल्म उजेडाकडे धरून बघितली. मग त्यानं हेडखाली हात घातला आणि बोटं एकमेकांवर चोळली.

"बंद हुतं म्हनला ना तू? मग हिला रोज कोन पाजतंय?"

मी खिशातली किल्ली चाचपली.

"फॉल्ट न्हाई हिच्यात," तो हळू म्हणाला. "उद्या टेम्पो घिऊन येतो."

तो गेल्यावर माझ्या डोक्यात काय आलं, मला सांगता येत नाही. आईला विचारलं असतं तर तिनं मना केलं असतं. मी पावडरीचा ट्रे जमिनीवर ठेवला, पावडर पट्टीनं सपाट केली, ट्रेपासून लांब दिवा लावला आणि शेजारच्या भाजीवाल्याचं टोपलं आणून ट्रेवर झाकलं. दादा घरच्या पिठाला कधी हात लावत नव्हता. त्याचा हात याच पिठात असायचा.

"जा आता," मी मशीनला म्हणालो, आणि टोपी ओली न करताच शटर ओढलं.

सकाळी आई माझ्याबरोबर आली. रंगनाथचा टेम्पो दारात होता. मी टोपलं उचललं. पावडर सपाट होती, पट्टीनं ओढली तशीच. आई पायरीवर बसली.

रंगनाथनं तपासणीचा कागद काढला. कोरा. पुन्हा काढला, पुन्हा कोरा. त्यानं हेडखाली बोट घातलं आणि सुकलेल्या शाईचा पापुद्रा नखावर घेऊन मला दाखवला.

"ही आजची न्हाई वाळलेली, वाल्मिक. महिना झाला हिला."

मी हो म्हणालो. त्यानं वायरी काढायला घेतल्या, आणि मला ते बघवेना म्हणून मी दाराकडे वळलो.

"वाल्मिक," मागून आईचा आवाज आला. "थांब. हलू नको."

माझ्या अंगात दादाचाच काळा शर्ट होता. सकाळपासून मी ट्रेजवळ टोपलं उचलण्यापुरताच वाकलो होतो.

"काय हाय?"

ती जवळ आली. नेहमीसारखा पदर हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. तिचा श्वास मानेवर लागत होता. पाठीवर तळव्याएवढी जागा ओली होती, गार.

"करंगळी," आई म्हणाली. "अर्धीच."

बाहेर वारा सुटला होता. मी दारात तसाच उभा राहिलो, श्वाससुद्धा बेतानं घेत.